वीस पटाच्या आतली शाळा

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले आहेत. स्मरणिकेसाठी त्यांनी काही आकडे अद्ययावत करून दिले आहेत.)



आरतीनंतर आणि प्रसादाआधी व्याख्यान ठेवण्याची तुमच्या मंडळाची पद्धत मला फार आवडली. प्रसाद वाटेपर्यंत कुणी उठून जात नाही. शाळेत आम्हीसुद्धा पालकसभा खिचडीच्या वेळेलाच ठेवायचो.

आजचा विषय तसा कोरडा आहे. जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा, त्यांचा पैसा, त्यांचे शिक्षक आणि त्यांचा पट. हैदराबादेत राहणाऱ्या माणसांनी हे का ऐकावं, असं कुणाच्या मनात येईल. पण मघाशी ओळखपाळख झाली तेव्हा लक्षात आलं की इथले निम्म्याहून जास्त लोक नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव, बीड या भागातले. तुमचं घर, शेत, कुलदैवत तिकडं आहे. सुट्टीत गावी जाता तेव्हा ज्या शाळेत तुम्ही किंवा तुमचे वडील शिकले ती शाळा दिसते. भिंतीवर पाढे रंगवलेले, नकाशा काढलेला, आणि आत मुलं बारा. मग तुम्ही कुणाला तरी विचारता, "गुरुजी, आपली शाळा बंद पडणार काय?" या प्रश्नाचं जमेल तेवढं सरळ उत्तर देण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे.

आधी ही शाळा गावात आली कशी, ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडं आलं. तेव्हापासून गावोगाव, पुढं वाडीवर, तांड्यावर शाळा निघत गेल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत, हा तिचा आग्रह होता. त्यानंतर सर्व शिक्षा अभियान आलं, वस्तीशाळा आल्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं ठरवलं.

म्हणजे शाळा छोटी राहिली याला कुणाचा निष्काळजीपणा कारण नाही. सहा वर्षांच्या पोरीला चालत जाता यावं म्हणून शाळा मुद्दाम घराजवळ काढली. वस्ती पस्तीस घरांची असेल तर शाळा शंभर मुलांची कशी होणार?

आता आकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने समूह शाळांचा विषय काढला तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची संख्या पुढं आली. अशा १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार करून बघा. शाळेला सरासरी साडेबारा मुलं, दोन शिक्षक आणि एका शिक्षकामागं सहा मुलं. शहरात एका वर्गात साठ मुलं कोंबलेली असतात. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की या शाळांत चैन आहे.

ही चैन कशी असते ते सांगतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा, एक्याण्णवाव्याला चौथा. दरवर्षी पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्याला आम्ही संच मान्यता म्हणतो. ३० सप्टेंबरचा पट त्यासाठी महत्त्वाचा. म्हणून जून महिन्यात आमचे शिक्षक दारोदार फिरताना दिसतात. एका मुलासाठी एवढी धडपड कशाला, असं गावकरी म्हणतात. पण साठ आणि एकसष्ट यांत एका शिक्षकाचा फरक असतो, हे त्या बिचाऱ्याला माहीत असतं.

आता बारा मुलांच्या शाळेत दोन शिक्षक आहेत, पण वर्ग पाच आहेत. पहिलीत दोन, दुसरीत तीन, तिसरीत एक, चौथीत चार, पाचवीत दोन. मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद दीडशे पटाला मिळतं. त्यामुळं दोघांतला ज्येष्ठ शिक्षक प्रभारी मुख्याध्यापक होतो. ऑनलाइन माहिती भरणं, आधार जुळवणं, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, केंद्रावरच्या बैठका ही सगळी कामं त्याच्याकडं. ही कामं हजार मुलांच्या शाळेत जेवढी असतात तेवढ्याच रकान्यांची बारा मुलांच्या शाळेतही असतात. रकाने पटाप्रमाणं कमी होत नाहीत.

कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानं शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण मतदार यादीचं काम निवडणुकीतच मोडतं. त्यात एक जण गुंतला, दुसरा प्रशिक्षणाला गेला, की शाळा उघडायलाच माणूस नसतो. शेजारच्या शाळेतून कुणाला तरी पाठवावं लागतं. केंद्रप्रमुख म्हणून माझी कित्येक वर्षं सकाळी सात वाजता याच फोनाफोनीत गेली.

म्हणून सहा मुलांमागं एक शिक्षक हे गणित कागदावरचं आहे. प्रत्यक्षात एक शिक्षक, पाच वर्ग, आणि सगळे विषय. आणि ही आपल्याच राज्याची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या युडायस प्लस आकडेवारीत देशभरात एकच शिक्षक असलेल्या शाळा १,०४,१२५ होत्या आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुलं शिकत होती.

भरतीचंही ऐका. २०१२ पासून काही वर्षं महाराष्ट्रात शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती. पुढं ती पवित्र पोर्टलवरून सुरू झाली. नवीन शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काम करतो. त्याचं मानधन सहा हजार होतं, ते जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झालं. छोटी शाळा बहुधा अवघड क्षेत्रात, म्हणजे जिथं रस्ता, मोबाइलची रेंज, बसची सोय धड नाही अशा ठिकाणी. तिथं नवा मुलगा येतो, मनापासून शिकवतो, आणि मुदत भरली की बदली मागतो. त्याला दोष देता येत नाही. त्यालाही बायको, मुलं, म्हातारे आईवडील आहेत.

आता पैशाकडं येतो. इथं बँकेतली आणि कंपन्यांतली मंडळी बसली आहेत, त्यांनी हिशेब नीट तपासावा.

दोन जुन्या शिक्षकांचे पगार मिळून महिन्याला सव्वा लाख धरा. वर्षाला पंधरा लाख. बारा मुलांत वाटले तर डोईमागं सव्वा लाख. एवढ्यात शहरातली चांगली खासगी शाळा होते, असं अधिकारी म्हणतात आणि ते खोटं नाही. पण हा पैसा पगाराचा आहे, तो शाळेच्या हातात येत नाही. शाळेच्या हातात येतं ते संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षा योजनेत ते पटावर ठरतं. तीस मुलांपर्यंत वर्षाला दहा हजार, एकतीस ते शंभर मुलांना पंचवीस हजार, एकशे एक ते अडीचशे मुलांना पन्नास हजार. दहा हजारांत वर्षभराचं वीजबिल, खडू, कागद, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छतागृहाची सफाई. महिन्याला आठशे तेहतीस रुपये. आणि हे अनुदान जूनमध्ये हातात पडतं असं समजू नका. बिल थकलं की वीज तोडतात, आणि कपाटात देणगीचा संगणक, भिंतीवर देणगीचा टीव्ही, दोन्ही मुके होऊन बसतात.

पोषण आहाराचं बघा. तांदूळ सरकार देतं. डाळ, भाजी, तेल, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे ठरले. शंभर मुलांच्या शाळेत दिवसाचे ६७८ रुपये होतात, त्यात काहीतरी जमवता येतं. बारा मुलांच्या शाळेत होतात ८१ रुपये ३६ पैसे. चूल तेवढीच पेटवावी लागते. पंचवीस मुलांपर्यंत स्वयंपाकाला एकच बाई असते. सरपण आणायचं, निवडायचं, शिजवायचं, वाढायचं आणि भांडी घासायची. तिचं मानधन महिन्याला अडीच हजार. आमच्याकडं अशा किती तरी बायका आहेत ज्या घरची कोथिंबीर, कांदा, मिरची आणून खिचडीत टाकतात आणि कुणाला सांगत नाहीत.

थोडक्यात, सरकार या शाळेवर मुलामागं खर्च खूप करतं आणि शाळेला पैसे मात्र फार थोडे मिळतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. छोट्या शाळांबद्दल भांडण होतं तेव्हा एक बाजू पहिला आकडा सांगते, दुसरी बाजू दुसरा.

मग पट कमी का झाला? सरकारी शाळा बिघडल्या म्हणून, असं एका दमात सांगून मोकळं होता येतं. पण कारणं चार आहेत. पहिलं, मुलंच कमी जन्मतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. दोन माणसांमागं दोनही मुलं नाहीत. ही आनंदाची गोष्ट आहे, पण तिचा परिणाम पहिलीच्या वर्गात दिसतो. दुसरं, स्थलांतर. तुम्ही हैदराबादेत आहात, तुमची मुलं इथल्या शाळेत आहेत, ती गावच्या पटावर नाहीत. मी तक्रार करत नाही, मोजणी सांगतो. तिसरं, तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी. ती सकाळी वेशीवर येऊन भोंगा वाजवते आणि ज्याला महिना हजार-दीड हजार परवडतात त्याचं पोर त्यात बसतं. चौथं कारण आपण स्वतः तयार केलं आहे. पट घटला म्हणून शिक्षक गेला, शिक्षक गेला म्हणून आणखी चार पालकांनी मुलं काढली, म्हणून पुढच्या वर्षी पट आणखी घटला. शिक्षकांच्या पदांची अशी गळती लागली की गावाला शाळा बंद करण्याचा आदेश यायची गरजच उरत नाही.

गाडीत बसून जे गेले त्यांच्यानंतर शाळेत कोण उरलं, तेही बघा. शेतमजुरांची मुलं, ऊसतोड कामगारांची मुलं, आणि मुली. भाऊ इंग्रजी शाळेत आणि बहीण जिल्हा परिषदेत, अशी किती तरी घरं मी दाखवीन. ऊसतोडीच्या मुलांचा पट सप्टेंबरात भरलेला असतो. दिवाळीच्या सुमाराला आईबाप कारखान्यावर निघाले की अर्धा वर्ग त्यांच्याबरोबर जातो. त्यांना गावातच ठेवून घ्यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजीजवळ राहायचं, दोन वेळचं जेवण शाळेमार्फत. जिथं ती वेळेवर सुरू होते तिथं मुलं टिकतात. उशीर झाला की मुलं गेलेली असतात, आणि पुढं वसतिगृह कागदावर चालतं.

कागदावरून आठवलं. पट फुगवण्याचे प्रकारही झाले आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात सलग तीन दिवस सगळ्या शाळांची एकाच वेळी पटपडताळणी झाली. एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली. त्यात लाखो मुलं फक्त हजेरीपटावर असल्याचं उघड झालं. त्यानंतर आधार जोडणी आली. पटाबद्दल सरकारला जो संशय आहे त्याला असा इतिहास आहे. पण मुळात लपवायला जागा मोठ्या शाळांत असते. बारा मुलांच्या शाळेत एक खोटं नाव घातलं तर ते तुम्हाला दारातूनच दिसतं.

आता शाळा बंद करण्याच्या विषयाकडं. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना आली. पुणे जिल्ह्यात पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ इथली उदाहरणं तिच्यासाठी दिली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनांपैकी एक शिक्षक महिना पंधरा हजारांवर कंत्राटी नेमायचं ठरलं. शिक्षक संघटनांनी राज्यभर आंदोलन केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागं घेतला गेला. राजस्थानात २०१४ पासून हजारो शाळा एकत्र केल्या. उत्तर प्रदेशात २०२५ मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जोडण्याचं काम निघालं, ते न्यायालयापर्यंत गेलं. पक्ष कोणताही असो, सरकार कोणतंही असो, वाट सगळ्यांना हीच सुचते.

या विचारात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तिसरीत एकटाच मुलगा असतो, त्याला स्पर्धा नाही, जोडीदार नाही, कबड्डीला सात जण नाहीत. प्रयोगाचं साहित्य नाही, वाचनालय नाही. मोठ्या शाळेत वर्गाला शिक्षक मिळतो, मुख्याध्यापक मिळतो. माझ्या केंद्रात असं एक एकत्रीकरण फार चांगलं झालं. दोन शाळांत अंतर सव्वा किलोमीटर, रस्ता डांबरी, मध्ये ओढा नाही, आणि बंद झालेल्या शाळेतला शिक्षक मुलांबरोबर नव्या शाळेत आला. पहिले पंधरा दिवस तो मुलांना घेऊन चालत यायचा. सगळी मुलं टिकली. वर्षभरात त्या पोरांनी खो-खोचा संघ उभा केला.

दुसरं एकत्रीकरणही सांगतो. वस्तीवर आठ मुलं होती, पाच मुली आणि तीन मुलगे. नकाशावर अंतर दीड किलोमीटर. मध्ये ओढा, त्यावर पूल नाही. वाहतूक भत्ता मंजूर झाला, पण तो हातात पडायला दिवाळी उलटली. वस्तीवर जीप यायला तयार नव्हती, कारण आठ मुलांत त्याचं डिझेल निघत नव्हतं. पहिल्या महिन्यात आठही मुलं आली. पाऊस वाढला तशी पाच झाली. जानेवारीत मी मुद्दाम वस्तीवर गेलो. दोन मुली शेळ्यांमागं होत्या. तिसरी, तिच्या आईच्या भाषेत सांगायचं तर, "घरी बारकं हाय, त्याला बघाया" होती. आठातल्या तीन गेल्या आणि तिन्ही मुली. कार्यालयात मात्र त्या वर्षी एका शाळेचं यशस्वी समायोजन अशी नोंद झाली. त्या मुलींची नावं मोठ्या शाळेच्या हजेरीपटावर होतीच, त्यामुळं कुणाच्या तक्त्यात त्या शाळाबाह्य म्हणून दिसल्या नाहीत. पुढच्या जूनमध्ये आमच्या शिक्षिकेनं खेटे घालून दोघींना परत आणलं. तिसरी आली नाही.

आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. शाळा बंद करण्याआधी पट फार काटेकोर मोजतात, बंद केल्यानंतर कुणी मोजत नाही. माझा एकत्रीकरणाला सरसकट विरोध नाही. शाळा जोडायची असेल तर त्या आठ मुलांची नावानिशी यादी करा, आणि सहा महिन्यांनी, वर्षानी, दोन वर्षांनी त्यातलं प्रत्येक मूल कुठं आहे ते लिहा. एक जरी गळालं तरी वाचलेला पैसा हा वाचलेला पैसा नाही, तो त्या मुलीनं भरला आहे. हे काम अवघड नाही. आठ नावं आहेत. एका वहीच्या पानावर मावतात.

तुम्ही ज्या राज्यात राहता तिथलंही थोडं बोलतो, कारण तुम्ही इथले मतदार आहात. २०२४-२५ मध्ये एकही विद्यार्थी नसलेल्या शाळा देशात ७,९९३ होत्या. त्यात पश्चिम बंगालच्या खालोखाल तेलंगणाचा क्रमांक होता, २,२४५ शाळा. याच राज्यात २०२२ मध्ये 'मन ऊरु, मन बडी', म्हणजे आपलं गाव, आपली शाळा, ही योजना निघाली होती. २६,०६५ शाळा आणि ७,२८९ कोटी रुपये, असा तिचा आवाका जाहीर झाला होता. इमारती सुधारणं गरजेचंच आहे, पण नुसत्या फरशीनं आणि रंगानं मूल शाळेत येत नाही. मुलं खासगी शाळांत गेली, गुरुकुल वसतिगृहांत गेली, शहरात गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्याच्या सीमेवर चौदा गावं आहेत, त्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथं काही गावांत महाराष्ट्राची मराठी शाळा आणि तेलंगणाची तेलुगू शाळा अशा दोन्ही चालतात. पोरं तेवढीच आणि पटासाठी उभ्या दोन शाळा. शेवटी प्रत्येक शाळेला मुलांची गरज आहे, हे तिथं फार स्पष्ट दिसतं.

निराश होऊन घरी जाऊ नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. ती शाळाही पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. गाव आणि शिक्षक एकत्र आले तर काय होतं, हे अशा शाळांनी दाखवलं. पण एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. एका शाळेचा पट वाढतो तेव्हा ती मुलं आजूबाजूच्या गावांतूनच येतात. शेजारची छोटी शाळा त्यामुळं आणखी छोटी होते. म्हणून एखादी नामांकित शाळा बघून आपल्या वस्तीच्या शिक्षकाला "तुम्हाला का जमत नाही" असं विचारू नका. त्याच्याकडं वाढवायला मुलंच नसतील, तर आहेत त्या बाराजणांना वाचता-लिहिता येतं का, एवढंच विचारा.

शेवटी, इथून तुम्ही काय करू शकता? याच शहरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकरांसारख्या मंडळींनी विवेकवर्धिनी शाळा उभी केली. शाळेसाठी पदरमोड करणं हैदराबादच्या मराठी माणसाला नवीन नाही. फक्त कशासाठी करायची ते नीट ठरवा.

गावी गेलात की शाळेला भेट द्या, पण २६ जानेवारीला झेंड्याच्या वेळी नको. जुलैत जा, भर पावसात. शाळा व्यवस्थापन समिती कोण आहे ते विचारा. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा बनवणं तिचं काम आहे, तो दाखवा म्हणा. या वर्षीच्या संच मान्यतेत किती पदं मंजूर झाली आणि प्रत्यक्षात किती शिक्षक आहेत ते विचारा. मंजूर दोन आणि हजर एक असेल तर गावानं अर्ज करायचा, त्यावर तुमचीही सही असू द्या. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातून शाळेचं पाणी, स्वच्छतागृह, दुरुस्ती होऊ शकते. ग्रामसभेत हा विषय निघावा म्हणून तुमच्या चुलत्याला, भावाला एक फोन करा. गावात तुमच्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं आमच्या पत्राला नसतं.

देणगी द्यायची असेल तर वस्तूंपेक्षा वर्षभराच्या खर्चाला द्या. वीजबिल भरा. ओढ्यापलीकडच्या चार मुलांच्या जीपचं भाडं द्या. गावातच डी.एड. झालेली, लग्न होऊन आलेली एखादी सून घरी बसलेली असते. समितीचा ठराव करून, तिला योग्य मानधन देऊन, दुसऱ्या माणसाची सोय करता येते. मात्र असं करताना सरकारकडं पदाची मागणी सोडू नका. तुम्ही दिलेला माणूस बघून सरकारनं आपला माणूस काढून घेतला, असं व्हायला नको. आणि जे काही द्याल ते किमान पाच वर्षं द्या. एका वर्षाची देणगी फोटोपुरती होते, पहिलीतलं मूल पाचवीपर्यंत पोचायला पाच वर्षं लागतात.

आणि तुमच्या गावची शाळा शेजारच्या शाळेत गेली असेल, तर भांडत बसण्याआधी एक काम करा. जुन्या शाळेच्या शेवटच्या हजेरीपटावरची नावं मिळवा. दर सुट्टीत त्या घरांवरून एक चक्कर मारा आणि प्रत्येकाच्या नावापुढं लिहा, आज हे मूल कुठं आहे. मूल शाळेत असेल तर बरं. नसेल तर त्याच दिवशी नव्या शाळेच्या मुख्याध्यापकाला आणि केंद्रप्रमुखाला भेटा. कार्यालयाला एवढं बघायला सवड नसते. तुमच्याकडं वर्षातून दोन सुट्ट्या आहेत.

 प्रसादाचा वास येतोय आणि समोरची बारकी मंडळी चुळबूळ करताहेत, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!